मुंगीतली चूक

"माफ करा, पण... तुम्ही हे असं किती वेळ करणार आहात?"

पेई-रोंगनं मान वर केली. शेजारच्या टेबलावरचा माणूस विचारत होता, आणि विचारताना त्याचं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. तो तिच्या पाटीकडे बघत होता, तेही असं, की जणू समोर कुणी एकेक तांदूळ उचलून पोतं भरायला बसलंय.

पाटी म्हणजे ती नवी, राखाडी, कागदासारख्या पडद्याची इलेक्ट्रॉनिक पाटी. पेई-रोंग पियानोवर साथ करायची. शिन्चू शहरातली मुलं व्हायोलिन, चेलो, बासरी घेऊन स्पर्धेला उभी राहायची आणि त्यांच्या मागे पियानोवर ही. त्या साऱ्या मुलांचं नोटेशन या एका पाटीत होतं. सगळं छान, फक्त एक फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात न्यायची म्हणजे वैताग. बोट दाबून धरा, यादी उघडा, खाली सरका, फोल्डर निवडा, आणि दर वेळी पडदा एकदा काळा होऊन पुन्हा पांढरा होणार. मग पुढची फाइल.

"साठेक आहेत," ती म्हणाली. "थोड्या झाल्या."

"सगळ्या अशाच? एक-एक करून?"

"दुसरं कसं करणार?"

त्यानं हातातल्या खायच्या काड्या खाली ठेवल्या. चेहरा खरोखर दुखावल्यासारखा झाला होता. "मी पडद्यांच्या कारखान्यात काम करतो. पडदा उगाच काळा-पांढरा होताना बघितला ना, की मला बघवत नाही."

"मग बघू नका."

"प्रयत्न केला. दोन पोळ्या खाल्ल्या तेवढ्यात."

न्याहारीच्या दुकानाची मालकीण तव्यावरून ओरडली, "देखण्या, तुझी मुळ्याची वडी घे. आणि सुंदरी, तुझी पोळी गार होतेय, कधीची त्या पाटीला टोचत बसलीयस." आता या बाई येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनाच देखणा आणि सुंदरी म्हणत, त्यात काही अर्थ नसतो, हे शिन्चूतल्या पोराबाळांनाही ठाऊक आहे. तरी पेई-रोंगचे कान तापले. त्याचेही तापले असावेत, कारण तो एकदम घाईनं बोलायला लागला.

त्याचं नाव गू यी-हेंग. त्यानं एक छोटंसं अ‍ॅप लिहिलं होतं. पाटीला वायर लावायची, फोनवर ते उघडायचं, हव्या तेवढ्या फाइली बोटानं गोळा करायच्या आणि ओढून दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकायच्या. झालं. नाव ठेवलं होतं 'मुंगी'. देशभरात काही लोक ते वापरत होते, फुकटात, आणि त्यांचा एक गप्पांचा गटसुद्धा होता.

"मुंगी का?"

"बिऱ्हाड हलवते म्हणून. या बिळातून त्या बिळात."

"आणि तुम्हाला एवढ्या कसल्या फाइली हलवाव्या लागतात?"

तो जरा थांबला. "...खेकडे."

"काय?"

"शिआंगशानच्या दलदलीत जातो मी सुट्टीच्या दिवशी. अशाच पाटीवर खेकड्यांची चित्रं काढतो. निळे असतात तिथले. एका जागी उभे राहत नाहीत, म्हणून चित्रं फार होतात. मग नर वेगळे, माद्या वेगळ्या, पळणारे वेगळे..."

पेई-रोंगला लहानपणापासून एक खोड होती. एखाद्या गोष्टीचं कुतूहल वाटलं, की तिला बाकी काही सुचायचं नाही. शाळेत एकदा घंटा आतून कशी वाजते ते बघायला ती स्टुलावर चढली होती आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर पडली होती. आता हा माणूस... दिवसभर पडदे बनवतो, सुट्टीला चिखलात बसून खेकडे काढतो, आणि अनोळखी बाईचा त्रास बघवत नाही म्हणून स्वतःची न्याहारी गार करतो. तिनं फोन त्याच्यापुढे सरकवला.

"घाला ती मुंगी."

उरलेल्या फाइली पोळी संपायच्या आत जाग्यावर गेल्या.

दोन आठवड्यांनी पेई-रोंगचे चेलो नाहीसे झाले. आणि व्हायोलिनही. दोन्ही फोल्डर होते तिथून गायब, जणू कधी नव्हतेच. तिनं घाबरून त्याला फोन लावला आणि तो संध्याकाळी स्कूटरवरून तिच्या खोलीवर आला. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची ती एक खोली, तिच्यात एक उभा पियानो, आणि पियानोनं सोडलेल्या जागेत पेई-रोंग. त्यानं जमिनीवर मांडी घातली, लॅपटॉप उघडला, आणि मग हसायला लागला.

"हसताय काय? चेलो शिकवणाऱ्या फान बाईंच्या मुलांचं नोटेशन आहे त्यात."

"गेलं नाहीये कुठे. हे बघा, पाटीला फोल्डर-बिल्डर काही कळत नाही. तिच्या पोटात सगळं एकाच ढिगात पडलेलं असतं. प्रत्येकाच्या कपाळावर फक्त लिहिलेलं असतं, की मी अमक्याच्या घरात राहतो. मुंगी काहीच उचलत नाही, पत्ता तेवढा बदलते."

"मग?"

"तुम्ही चेलोला व्हायोलिनच्या घरात पाठवलंत. आणि मग व्हायोलिनला चेलोच्या घरात."

"बरं."

"आता दोघं एकमेकांच्या घरात राहतायत. दाराशी कुणीच नाही. तुम्ही बाहेरून बघणार, तर दिसणार कोण?"

पेई-रोंगनं डोळे मिटून ते मनात मांडून बघितलं. एक घर, त्यात दुसरं, त्यात पुन्हा पहिलं... तिला गरगरलं. आणि फार मजाही वाटली. "म्हणजे आत ते ठीक आहेत?"

"मजेत आहेत. बाहेर यायची घाई तुम्हालाच."

"आणि मुंगीनं हे होऊ कसं दिलं?"

"चूक माझी," तो म्हणाला. "करतो दुरुस्त. नवी मुंगी तयार झाली की मीच येऊन घालून देईन, तुम्ही हात लावू नका. उगाच काही बिघडायला नको."

एक तास लागला त्याला. निघताना त्यानं पिशवीतून एक हिरवी पुडी काढली आणि पाटीशेजारी ठेवली. खोबऱ्याच्या चवीचे मक्याचे कुरकुरे. त्याच्या कारखान्यात प्रत्येक यंत्रावर अशी पुडी असते, यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून. हिरवीच लागते, पिवळी ठेवली तर यंत्र रुसतं, आणि मुदत संपली तर विचारूच नका.

"इंजिनियर ना तुम्ही?"

"म्हणूनच," तो गंभीरपणे म्हणाला. "आम्हाला माहीत असतं, की काय-काय बिघडू शकतं."

तो गेला. पेई-रोंग खिडकीशी उभी राहून स्कूटर वळेपर्यंत बघत राहिली. मग पियानोपाशी बसली, तरी डोक्यात तीच दोन घरं.

दुसऱ्यांदा फोल्डर हरवले तेव्हा ऑक्टोबर लागला होता. आता दुसऱ्या वेळचं खरं काय ते सांगायलाच हवं. पेई-रोंगनं चेलो व्हायोलिनमध्ये टाकले, क्षणभर थांबली, खिडकीबाहेर बघितलं, कुणी बघत नाहीये याची खात्री केली... आणि व्हायोलिन चेलोमध्ये टाकले. पडदा काळा झाला, पांढरा झाला. दोन्ही गुल. तिचं काळीज धडधडत होतं, जणू दुकानातून काही उचललंय.

"पुन्हा?" फोनवर तो म्हणाला.

"पुन्हा," ती म्हणाली. "काय करू हो, मला कळतच नाही त्यातलं."

तो आला. येताना शिन्पू या आपल्या गावाहून, आईनं वाळवलेले पर्सिमॉन घेऊन आला. ही फळं वाऱ्यावरच वाळतात, आणि शिन्चूत ऑक्टोबरपासून वारा म्हणजे असा, की माणसानं छत्री उघडायचा विचारही करू नये. पेई-रोंगनं चहा केला. तो मांडी घालून काम करत राहिला आणि ती सराव करत राहिली. पियानोचं झाकण काळं, चकचकीत. त्यात मागचा तो दिसायचा. एकदा तिनं वाजवता-वाजवता झाकणात बघितलं, तर त्याची बोटं हलतच नव्हती. लॅपटॉप उघडा, हात मांडीवर, आणि डोळे तिच्या पाठीकडे.

ती वाजवत राहिली. एक स्वर इकडे-तिकडे होऊ दिला नाही. पण हे काम नक्की किती वेळाचं असतं, हा प्रश्न त्या दिवशी तिच्या डोक्यात शिरला तो शिरलाच.

"झालं का?" तिनं मागे न वळता विचारलं.

"होतंय," तो दचकून म्हणाला. "अवघड आहे जरा."

तिसऱ्यांदा तर तिनं लाजही सोडली. खोलीत तांदळाच्या ताज्या शेवया आणून ठेवल्या, मांसाच्या गोळ्यांचं सूप तापत ठेवलं, मग शांतपणे बसून फोल्डर एकमेकांत घातले आणि फोन केला. तो आला, पोटभर जेवला, आपल्या पाटीवरचे खेकडे दाखवत बसला. एक खेकडा तिरका पळताना मागे वळून बघत होता.

"हा का वळलाय?"

"माहीत नाही. मीही विचार करतोय, गेलं वर्षभर."

"विचारायचं ना त्याला."

"विचारणार होतो," यी-हेंग म्हणाला. त्यानं पाटीवरून नजर उचलली आणि तिच्याकडे बघितलं. "पण... विचारलं, आणि तो बिळात गेला, म्हणजे?"

पेई-रोंगच्या हातातला चमचा तसाच राहिला. खाली दुकानात कुणी चाकाला हवा भरत होतं. तिला वाटलं, आता तो बोलेल. त्याला वाटलं असावं, आता ती बोलेल. मग दोघंही सूप पिऊ लागले.

नोव्हेंबरात शहराची विद्यार्थी संगीत स्पर्धा. यंदा पहिल्यांदाच फान बाईंनी आपली सगळी मुलं पेई-रोंगच्या हाती दिली होती. फान बाई म्हणजे शिन्चूतला चेलो. त्यांची जुनी साथीदार लग्न करून ताइनानला गेली, म्हणून ही संधी, आणि बाईंनी संधी देताना सांगितलंही होतं, "माझी मुलं वर्षभर घासतात. तुझ्यामुळे एक जरी मधे थांबलं, तरी पुन्हा माझ्याकडे यायचं नाही." त्या रागावून बोलत नसत. ठरलेलं सांगत.

स्पर्धेच्या सकाळी हॉलच्या दारावर नवा कागद लागला होता. सकाळचे गट दुपारी, दुपारचे सकाळी. पेई-रोंगनं कोपऱ्यातल्या बाकावर बसून घाईघाईनं मुंगी उघडली. क्रम लावून ठेवलेले दोन फोल्डर होते, 'सकाळ' आणि 'दुपार'. बाजूला एक मुलगी चेलो सुरात लावत होती, कुणाची तरी आई गजासाठी राळ मागत होती, माइकवरून नावं पुकारली जात होती. अदलाबदल करायला तिनं एक फोल्डर दुसऱ्याच्या जागी ओढला. दुसरा ओढला. पडदा काळा झाला, पांढरा झाला.

समोर काहीच नव्हतं.

या वेळी तिनं काही केलं नव्हतं. म्हणजे केलं होतं, पण... हे खरं होतं. कागदावरच्या प्रती खोलीवर, शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिनं यी-हेंगला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग आठवलं, आज कारखान्यात त्याची पाळी आहे, आणि पडदे बनतात त्या खोलीत फोन नेऊ देत नाहीत. तो डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात, आणि फोन बाहेर लोखंडी कपाटात थरथरत असणार.

"तयार आहेस ना?" फान बाईंनी येऊन विचारलं.

"हो," ती म्हणाली.

मग तिला तो गप्पांचा गट आठवला. कधी उघडला नव्हता तिनं, गरजच काय पडणार होती? तिनं भराभर लिहिलं, दोन फोल्डर एकमेकांत गेलेत, फार निकड आहे, कुणीतरी सांगा. काओश्युंगच्या एका निवृत्त मास्तरांनी लगेच उत्तर दिलं.

'बाळ, तुझी मुंगी जुनी दिसते. ही चूक सप्टेंबरातच दुरुस्त झालीय. नवी उतरव. कोपऱ्यात बटण आहे, हरवलेलं परत आण, असं. दाब.'

तिनं नवी उतरवली. कोपऱ्यात बटण होतं. दाबलं. पडदा काळा झाला, पांढरा झाला, आणि 'सकाळ' आणि 'दुपार' दोघंही दाराशी येऊन उभे.

एवढंच?

एक बटण... आणि सप्टेंबरात? मग ते सगळे तास, तो चहा, 'अवघड आहे जरा', ते सगळं काय होतं? तिच्या डोळ्यांत रागानं पाणी आलं. इतकी घाबरली होती ती, आणि उपाय देशभर सगळ्यांच्या फोनवर होता, एक तिचा सोडून. पण माइकवर पहिलं नाव पुकारलं गेलं, आणि ती डोळे पुसून पियानोकडे गेली.

फान बाईंची मुलं वाजवून उतरली. एकही थांबलं नाही. बाई जाता-जाता म्हणाल्या, "पुढच्या वर्षीचं जानेवारीत बोलू." त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे पुष्कळ झालं. पेई-रोंग बाहेर पायऱ्यांवर येऊन उभी राहिली. आता फक्त एक व्हायोलिनवाला मुलगा उरला होता, शेवटी. वाऱ्यानं तिचा काळा झगा पायांभोवती गुंडाळला जात होता.

स्कूटर जवळजवळ पायऱ्यांवरच चढली. यी-हेंगच्या कपाळावर अजून टोपीचा वळ होता.

"मी... पाळी संपली, फोन बघितला. इतके फोन! हरवले का? आणा इकडे, मी लगेच..."

"सापडले," ती म्हणाली. "बटण दाबलं."

तो जिथल्या तिथे थांबला.

"कोणतं बटण, ते विचार ना," पेई-रोंग म्हणाली. "विचार. तूच केलंयस. सप्टेंबरात. सगळ्या देशाला दिलंस, काओश्युंगच्या मास्तरांना दिलंस, आणि मला सांगितलंस, हात लावू नका."

"हो," तो म्हणाला.

"आज पोरं होती, यी-हेंग. माझ्यासमोर उभी होती चेलो घेऊन. नसतं सापडलं तर? तुझ्या या... या खेळापायी त्यांचं वर्ष गेलं असतं. माझं तर गेलंच होतं."

त्यानं सबब सांगितली नाही. हेल्मेट दोन्ही हातांत धरून उभा राहिला. "चुकलं माझं. फार चुकलं. आज असं होईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि यायला हवं होतं."

"का केलंस?"

"दुरुस्त केली असती तर तुम्ही बोलावलं नसतंत."

"आणि न बोलावता यायचं सुचलं नाही?"

"दर रविवारी सुचलं. खाली सायकलच्या दुकानापर्यंत येऊनही गेलोय. तो दुकानदार मला चाकात हवा भरून देतो, स्कूटर असूनही. उभं राहून वाटायचं, वर जाऊन सांगू काय? काम तर काही नाही." त्यानं श्वास घेतला. "मला तुम्ही आवडता. फार. तुम्ही वाजवत असता आणि मी खोटं-खोटं काम करत असतो ना, तेवढाच वेळ मला आठवडाभर पुरतो. हे पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. तेव्हा मी मुळ्याच्या वडीकडे बघत बसलो."

पेई-रोंगनं खूप प्रयत्न केला, पण राग तिच्या हातून निसटायला लागला होता. कारण एक गोष्ट तिनंही लपवली होती, आणि ती सांगितल्याशिवाय याला एकट्याला उभं करणं बरोबर नव्हतं.

"पहिल्यांदा झालं ती चूक होती," ती हळूच म्हणाली. "आजचीही चूकच. मधल्या दोन्ही वेळा... मी मुद्दाम केलं."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तुमच्या हातून एक स्वर चुकत नाही. तीच चूक पुन्हा-पुन्हा कशी होईल? आणि तिसऱ्या वेळी सूप आधीपासून तापत होतं." तो पहिल्यांदा जरासा हसला. "मला वाटलं, मुद्दाम असावं. मग रात्रभर वाटलं, नसलं तर?"

"मग विचारायचं!"

"तुम्ही विचारायचं. झाकणातून बघत होतात की मला."

तिचा चेहरा लाल झाला. दोघंही एकमेकांकडे बघत राहिले आणि मग हसू आलं ते एकदमच, आधी तिला, मग त्याला. शेजारून जाणाऱ्या एका आईनं आपल्या मुलाला बाजूला ओढलं.

आतून माइकवर शेवटच्या मुलाचं नाव पुकारलं. पेई-रोंग वळली. यी-हेंग तिथंच होता, वळ उमटलेलं कपाळ, वाऱ्यानं उभे झालेले केस. हसू मावळून पुन्हा काळजी आली होती तोंडावर. आता बटण तिच्याकडे होतं. त्याला बोलवायचं कारण आजपासून उरलं नव्हतं, हे त्यालाही कळत होतं.

"उद्या ये," ती म्हणाली. "माझं काही हरवलेलं नसेल... तरी ये."